बिल नसलेल्या पाकिटाची जबाबदारी कोणाची?

चोपडा तालुक्यातल्या एका तरुणाचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून, थोडं आवरून देते.

“ताई, नमस्कार. वय पंचवीस, बीएस्सी ॲग्री झालो आहे. घरी सात एकर, कपाशी आणि थोडी केळी. स्पर्धा परीक्षा दिल्या, हाती काही लागलं नाही. गेल्या वर्षी आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर टेलिग्रामवर चॅनल काढलं आणि एचटीबीटीच्या, म्हणजे तणनाशक मारलं तरी न करपणाऱ्या पण सरकारी मंजुरी नसलेल्या कपाशीच्या बियाण्याच्या (आपल्याकडे लोक त्याला चोर बीटी म्हणतात), ऑर्डरी घ्यायला लागलो. माल गुजरातकडून यायचा. देणाऱ्याला मी कधी पाहिलेलं नाही, सगळं बोलणं चॅटवर. पाकिटामागे दोनशे रुपये सुटायचे. मला यात वावगं वाटत नव्हतं. सिल्क रोड या इंटरनेटवरच्या छुप्या बाजाराबद्दल मी खूप वाचलं आहे. दोन समजदार माणसं आपल्या मर्जीने देवाणघेवाण करत असतील तर सरकारने मध्ये यायचं कारण काय? निंदणीला मजूर मिळत नाही, शेतकऱ्याला हे बियाणं हवं आहे, कायदा अडवतो, म्हणून मी देतो.

पण शेजारच्या गावातल्या एका काकूंनी माझ्याकडून आठ पाकिटं घेतली. काका तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या वावरात निम्मंही उगवलं नाही. जे उगवलं त्यावर त्यांनी तणनाशक मारलं, तर तणासोबत कपाशीही करपली. त्या भांडल्या नाहीत. फोनवर एवढंच म्हणाल्या, ‘आते काय करानं, भाऊ?’ मी सप्लायरला विचारलं तर त्याने ब्लॉक केलं. आता तोच दुसऱ्या नंबरवरून परत आला आहे. यंदा बिनलेबलची कीटकनाशकंही देतो म्हणतो, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या ऑर्डरींचे पैसे माझ्या खात्यावर घे, टक्केवारी देतो, म्हणतो. घरी कोणाला काही माहीत नाही. ताई, मी गुन्हेगार आहे का? पाकिटांचे पैसे परत दिले तर विषय मिटेल का? आणि कायदाच चुकीचा असेल तर तो मोडण्यात चूक ती काय?”

भाऊ, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी दोन्हींची उत्तरं त्यावरच उभी आहेत.

कायदा आहे म्हणून तो बरोबरच असतो, असं मी तुला सांगणार नाही. आपल्या खानदेशात तर ते कोणी कोणाला सांगूच नये. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या चौकात शिरीषकुमार आणि त्याच्यासोबतची पोरं गोळीला सामोरी गेली, ती कायदा मोडूनच. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते टिपून घ्यायचे. दोघेही तिथे सरकारी कैदीच होते.

बियाण्याच्या बाबतीतही तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे. २००१ मध्ये गुजरातमध्ये हजारो एकरांवर बिनपरवाना बीटी कपाशी उभी असल्याचं उघड झालं. ती उपटून जाळायची भाषा झाली, शरद जोशी आणि शेतकरी संघटना शेतकऱ्यांच्या बाजूने उभी राहिली, आणि मार्च २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला अधिकृत परवानगी मिळाली. शेतकरी कायद्याच्या पुढे चालत होता. बीजी-२ या पुढच्या पिढीच्या बीटी कपाशीला २००६ मध्ये मान्यता मिळाली, पुढे गुलाबी बोंडअळीने तेही पचवलं. तणनाशकाला दाद न देणाऱ्या वाणाचा अर्ज कंपनीनेच २०१६ मध्ये मागे घेतला आणि तेव्हापासून विषय लोंबकळत पडला आहे. ज्याला जूनच्या चिखलात निंदणीला बाया मिळत नाहीत, त्याने आणखी किती वर्षं वाट पाहायची, हा प्रश्न रास्त आहे. (निंदणीवर ज्यांचं पावसाळ्यातलं घर चालतं त्या बायांचा प्रश्नही तितकाच खरा आहे, आणि या वादात त्यांना कोणी विचारत नाही. पण दिवसभर कंबरेत वाकून गवत उपटणं हे काम जपून ठेवण्यासारखं आहे, असंही मी म्हणणार नाही.)

तर कायदा मोडणारे दोन प्रकारचे असतात. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी हेच बियाणं लावलं. आधी जाहीर करून, गाव गोळा करून, पत्रकारांसमोर. गुन्हे दाखल झाले ते त्यांच्या नावावर. त्यांचं म्हणणं तुला पटो न पटो, पण ते बियाणं फसलं असतं तर नुकसान त्यांचं झालं असतं, आणि शिक्षा झाली असती तर तीही त्यांनाच. तू विकलेलं बियाणं फसलं तेव्हा मात्र नुकसान काकूंचं झालं. नफा तुझा, सप्लायरचा. आणि तक्रार करायला त्यांच्याकडे ना बिल, ना टॅग, ना कोणाचं खरं नाव. दोघांनी मोडला तो कायदा एकच. पण अकोलीच्या माणसाने जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली आणि तू ती काकूंच्या वावरात टाकलीस.

तू वाचणारा पोरगा आहेस, म्हणून म्हणशील की चिमठाण्याचं काय? १४ एप्रिल १९४४ ला शिंदखेड्याकडे चिमठाण्याला प्रतिसरकारच्या क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला, तो काही जाहीर करून नाही. खरं आहे. पण ज्याच्याशी लढाई होती त्याच्यापासून ते लपले. तुझा सप्लायर पोलिसांपासून लपतो हे मी समजू शकते. तो काकूंपासूनही लपतो. ज्याचे पैसे घेतले त्याच्यापासून तोंड लपवणाऱ्याला मी बंडखोर म्हणू शकत नाही.

आता सिल्क रोड. रॉस उल्ब्रिक्टने २०११ मध्ये तो बाजार उघडला तेव्हा त्याच्या डोक्यात तुझ्यासारखाच विचार होता: सरकार बाजूला ठेवा, माणसं एकमेकांशी नीट वागतील. टॉर या ओळख लपवणाऱ्या ब्राउझरमुळे पत्ता कळत नाही, पैसे बिटकॉइनमध्ये, भरवशाला गिऱ्हाइकांनी दिलेले गुण आणि शेरे. चोरलेली कार्डं, खुनाच्या सुपाऱ्या विकायला तिथे बंदीही होती, म्हणजे काही नियम त्यालाही लागलेच. विकलं गेलं ते बहुतांश ड्रग्ज. ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वाचनालयात त्याला पकडलं, २०१५ मध्ये जन्मठेप झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला माफी दिली. ती शिक्षा फार कठोर होती असं मलाही वाटतं. त्या तपासातले दोन सरकारी अधिकारीच बिटकॉइन चोरताना सापडले आणि तुरुंगात गेले, म्हणजे सरकारची बाजूही धुतल्या तांदळाची नव्हती.

पण तू वाचलेल्या गोष्टीत आणखी दोन गोष्टी आहेत, त्या तू पत्रात लिहिल्या नाहीस. त्या बाजारात उल्ब्रिक्टला कोणी धमकावलं, पैसे बुडवले, तर तो जाणार कुठे? पोलीस नाहीत, कोर्ट नाही, पंच नाहीत. धमकावणाऱ्यांना संपवण्यासाठी त्याने पैसे मोजल्याचे संवाद खटल्यात पुढे आले. खुनाचा आरोप त्या खटल्यात नव्हता, आणि प्रत्यक्षात कोणाचा जीव गेल्याचा पुरावाही नाही. तरी मर्जीचा व्यवहार म्हणून सुरू झालेली गोष्ट कुठपर्यंत गेली ते पाहा. जिथे दाद मागायची सोय नसते तिथे शेवटी ज्याच्या हातात जोर त्याचा शब्द चालतो. तुझ्या सप्लायरकडे ब्लॉकचं बटण होतं, त्याने ते दाबलं. २०१५ मध्ये इव्होल्यूशन नावाच्या तसल्याच बाजाराचे चालक गिऱ्हाइकांचे बिटकॉइन घेऊन एका रात्रीत पसार झाले. ज्यांचे गेले त्यांना रडायलाही जागा नव्हती, कारण सांगायचं कोणाला? आणि लपण्याचा भरवसा तरी कितीसा? २०१७ मध्ये हान्सा हा बाजार डच पोलिसांनी ताब्यात घेऊन महिनाभर स्वतःच चालवला, लोक ऑर्डरी टाकत राहिले.

दुसरी गोष्ट गुणांची आणि शेऱ्यांची. उल्ब्रिक्टला शिक्षा सुनावली त्या दिवशी तिथून घेतलेल्या ड्रग्जमुळे मुलं गमावलेले आईबाप न्यायालयात बोलले. जो मेला तो शेरा लिहायला परत येत नाही, राहतात ते वाचलेल्यांचे पाच तारे. बियाण्याचंही असंच आहे. तुझ्या चॅनलवर मे महिन्यात ‘पाकिटं मिळाली, धन्यवाद भाऊ’ असे अंगठे पडले असतील. उगवण कळते आठ-दहा दिवसांनी, वाण खरा की खोटा ते तणनाशक मारल्यावर, आणि बोंडं किती लागली ते दिवाळीच्या तोंडावर. तोपर्यंत अंगठे मोजून आणखी दहा जणांनी पाकिटं घेतलेली असतात. काकूंच्या वावरात तर जे करपलं ते चोर बीटीही नव्हतं. तुझ्या काळ्या बाजाराने कायदा मोडून जे द्यायचं ठरवलं होतं, तेसुद्धा दिलं नाही.

“दोन माणसांची मर्जी” म्हणतोस. शेतीत व्यवहार कधी दोघांचा नसतो, भाऊ. २०१७ च्या बोंडअळीनंतर राज्यात एक जूनच्या आधी कपाशी लावू नका म्हणून बियाण्याची विक्री रोखून धरायला सुरुवात झाली. आपल्याकडचा ठिबकवाला शेतकरी त्यावर चिडतो, कारण तापीकाठी मे महिन्यात कपाशी टोबायची त्याची जुनी रीत. मग तो सेंधव्याहून नाहीतर गुजरातमधून पाकिटं आणतो. त्याचा राग मला कळतो. पण त्या नियमामागे कारण आहे: लवकर लावलेल्या कपाशीला लवकर पाती-फुलं येतात, अळीची पहिली पिढी तिथे पोसली जाते आणि मग शेजारच्या, वेळेवर लावलेल्या वावरावर उतरते. त्या शेजाऱ्याची मर्जी कोणी विचारली?

आणि बिनलेबलचं कीटकनाशक. इथे मी तुला सल्ला देत नाही, हात जोडते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. तुला शिकवलं आहे की डब्यावरचा तो रंगीत त्रिकोण विष किती जहाल ते सांगतो, आणि लेबलवर उतारा लिहिलेला असतो. रात्री अकरा वाजता चोपड्याच्या दवाखान्यात एखाद्या सालदाराला उलट्या करत आणलं, तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, काय फवारत होता? घरचे बिनलेबलची बाटली पुढे करतील. त्या सालदाराने तुझ्याकडून काही विकत घेतलेलं नसेल. त्याला टेलिग्राम म्हणजे काय तेही माहीत नसेल.

तू गुन्हेगार आहेस का? कायद्याच्या नजरेने, हो. मी ते मऊ करून सांगणार नाही. बियाणं विकायला परवाना लागतो, तो तुझ्याकडे नव्हता. एचटीबीटी वाण केंद्राच्या जीईएसी या जनुकीय पिकांना मंजुरी देणाऱ्या समितीने मंजूर केलेला नाही, त्यामुळे पर्यावरण संरक्षण कायदाही लागू होतो. पाकिटात वेगळंच निघालं म्हटल्यावर फसवणुकीचा मुद्दा वेगळा. म्हणून पहिल्यांदा वकील गाठ. पैसे नसतील तर जळगावला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे जाऊन मोफत सल्ल्यासाठी पात्र आहेस का ते विचार. वकिलापासून एकही गोष्ट लपवू नकोस आणि घाबरून फोनमधलं काही पुसू नकोस. ते चॅट तुझ्या विरुद्धही जातील, पण कोणाकोणाला पाकिटं गेली ते सांगणारी यादीही तीच आहे. ती यादी तुला लागणार आहे.

खात्याचं उत्तर एका शब्दात आहे: नाही. हे तू आजच, हे वाचून संपायच्या आत कळव. सगळ्या जिल्ह्याचे पैसे तुझ्या खात्यावर याचा अर्थ सगळ्या जिल्ह्यातल्या तक्रारी तुझ्या नावावर, आणि त्यात आणखी कुठल्या फसवणुकीचे पैसे मिसळलेत ते तुला कधी कळणार नाही. अशी भाड्याने दिलेली खाती सायबर पोलीस गोठवतात, आणि पहिली नोटीस खातेदाराच्या दारात येते. चेहरा नसलेल्या माणसाला तुझं खातं हवं आहे, कारण तुला चेहरा आहे, गाव आहे, सात एकरांचा उतारा आहे.

आता काकू. पाकिटांचे पैसे परत दिले तर विषय मिटत नाही. तुला किती सुटले हे इथलं माप नाही, त्यांचं किती गेलं हे माप आहे. आठ पाकिटांचे पैसे, टोबणीची मजुरी, तणनाशक, फवारणीवाल्याचे पैसे, मग दुबार पेरणीचं बियाणं, पुन्हा मजुरी, आणि या सगळ्यात गेलेले दिवस. कपाशी वीस-पंचवीस दिवस मागे पडली की वेचणीला काय फरक पडतो ते तुला मी सांगायला नको. बिलाचं पाकीट असतं तर काय झालं असतं तेही बघ. बीटी कपाशीची उगवण किमान ७५ टक्के असली पाहिजे असं प्रमाण आहे. ती कमी आली की काकू कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज करत्या, तालुक्याची तक्रार निवारण समिती वावरात येऊन पंचनामा करती, आणि कंपनीने हात वर केले तर ग्राहक आयोग होता. शेतकरी हा बियाण्याचा ग्राहक आहे आणि त्याला तिथे दाद मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. ही वाट सोपी नाही. चकरा मारून लोक थकतात, पंचनामे उशिरा होतात, हे मला ठाऊक आहे. पण वाट होती. २०२५ च्या हंगामात बीजी-२ च्या पाकिटाला सरकारने ९०१ रुपये कमाल भाव ठरवला होता. त्या रकमेत बियाण्यासोबत ही वाटही विकत मिळते. तुझ्या पाकिटातून ती काढून घेतलेली होती आणि काकूंना ते कोणी सांगितलं नव्हतं. तू तरी सांगितलं होतंस का, की हे फसलं तर तुम्हाला कुठेच जाता येणार नाही? ते माहीत नसताना दिलेल्या मर्जीला मी मर्जी मानत नाही.

म्हणून हिशेब त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याकडून आकडे घेऊन कर. एकरकमी देणं होणार नसेल तर हप्ते ठरव आणि कागदावर लिहून सही करून दे. काय लिहायचं ते आधी वकिलाला दाखव, पण लिहून दे. बदल्यात ‘तक्रार करू नका’ असं चुकूनही म्हणू नकोस. तक्रार करायची की नाही हा त्यांचा हक्क आहे, तो पैशांत विकत घेऊ नकोस. शेतात फिरून यंदाची कपाशी बघ. पालच्या किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन त्यांना पुढच्या हंगामाचं नियोजन करून दे. तुझ्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग त्यांना होऊ दे.

बाकीच्या गिऱ्हाइकांनाही कळव. चॅनल गुपचूप बंद करून निघून जाऊ नकोस, तसं केलंस तर त्यांच्यासाठी तुझ्यात आणि सप्लायरमध्ये काही फरक उरणार नाही. शेवटचा संदेश तुझ्या खऱ्या नावाने लिही: माल खोटा निघाला आहे, उरलेली पाकिटं टोबू नका, या माणसाकडून कीटकनाशक घेऊ नका. याने तुझी अडचण वाढू शकते, म्हणून शब्द वकिलाकडून तपासून घे. पण लांबवू नकोस, मे महिना कोणासाठी थांबत नाही.

एचटीबीटीला परवानगी मिळावी असं तुला मनापासून वाटत असेल तर ती लढाई सोडायची गरज नाही. जीएम मोहरीच्या खटल्यात जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले, पण जनुकीय पिकांसाठी राष्ट्रीय धोरण आखा असं दोघांनीही सरकारला सांगितलं. म्हणजे दार अजून लागलेलं नाही. गावसभेत बोल, ठराव करून घे, शेतकरी संघटनांच्या लोकांसोबत उभा राहा, निवेदनं दे. आणि पोटापाण्याचं म्हणशील, तर बीएस्सी ॲग्री पदवीवर कीटकनाशक विक्रीचा परवाना मिळतो, बियाण्याचा काढता येतो. भांडवल नसेल तर एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत लाग. टेलिग्रामवर तालुकाभरच्या शेतकऱ्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला, ही खरंच मोठी गोष्ट आहे. आमच्याकडच्या कितीतरी पक्क्या दुकानदारांना ती जमत नाही.

राहिलं घर. बाबांना आज सांग. ते चिडतील, कदाचित चार दिवस बोलणार नाहीत. तरी पोलिसांकडून किंवा बँकेच्या नोटिशीतून त्यांना कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे. आणि काकूंकडे जाताना त्यांना सोबत ने. आपल्याकडे एकट्या बाईच्या घरी पैशांचं बोलायला तरणा पोरगा एकटा गेला तर त्यांनाच अवघड होतं, आणि घरातलं मोठं माणूस समोर असलं की दिलेल्या हप्त्याच्या शब्दाला वजन येतं. काकूंच्या बाजूनेही कोणी बसू दे, भाऊ असेल, दीर असेल. कधी येऊ ते आधी फोन करून विचार, आणि त्या नको म्हणाल्या तर त्या म्हणतील तेव्हा जा.